मिठावरचा पिझ्झा

चैत्र लागला की पेणमध्ये गच्च्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. पोह्याचे पापड, मिरगुंडं, सांडगे. कुणी जुन्या साडीवर, कुणी प्लॅस्टिकवर पसरलेले, आणि प्रत्येक गच्चीवर एक तरी बाई डोक्यावर टॉवेल घेऊन कावळे हाकत बसलेली. लोकांना हे दिवस आवडतात. मला नाही आवडत. या दिवसांत मी शाळेत पोरांवर जरा जास्तच ओरडते, घरी येऊन भांडी आपटते. नवरा म्हणतो, उन्हाचं होतं. आता याला काय सांगायचं! खाडीकाठच्या खारेपाटातल्या आईची मी पोर, ऊन मला कशाला बाधेल? मला बाधतो तो वास. कुणाच्या तरी खिडकीतून येणारा, तीन दिवस पाण्यात भिजलेल्या धान्याचा आंबूस वास. तो आला की मी वाट बदलते. अजूनही बदलते.

परवा सकाळची शाळा सुटल्यावर बाजारातल्या नव्या मोठ्या दुकानात गेले. तिथं एका भिंतीला काचेच्या दारांची थंडगार कपाटं आहेत. आत वाटाणे, पराठे, कबाब, सगळं दगड झालेलं. खालच्या फळीवर पिझ्झ्याचे खोके. मी चष्मा नाकावर चढवला आणि एकेक खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागले. आमच्या घरात खोक्याची पुढची बाजू कुणी बघत नाही. पुढं चित्र असतं, खरं काय ते मागं असतं. एका खोक्यावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलेलं होतं, तरी मी मागचं सगळं वाचलं, दोनदा. तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ. तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी, अमूसाठी, बाजूला काढला. अमूला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही, असलं काही नाही. पाच वर्षांची असताना गव्हापायी ती मरता मरता वाचली.

मग मी दुसरा खोका काढला. हा साधा, मैद्याचा. हा अमूच्या मुलीसाठी, इरासाठी.

इरा चार वर्षांची. दिवाळीपासून तिचं वजन हललेलं नाही. हात काटक्या, पोट तेवढं पुढं, आणि सारखी किरकिर. अमूनं फोटो पाठवला तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला आणि पाणी प्यायले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणी सांगितली आणि बजावलं की तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. उलट रोज पोटात गेला पाहिजे. आधीच बंद केला तर रक्तात काही दिसणार नाही, आणि पोर आयुष्यभर अंधारात चाचपडत राहील. अमूनं मला फोनवर हे सगळं शाळेतल्या पोरीनं धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. मग म्हणाली, ताई, आम्ही पेणला येतो आठ दिवस. का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दोन हातांत दोन खोके घेऊन मी दार उघडं टाकून तशीच उभी होते, तेव्हा मागून दुकानदार म्हणाला, मॅडम, दार लावा, सगळी थंडी बाहेर जाते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही रोह्याला केमिकल कंपनीच्या कॉलनीत राहायचो. बाबा खांब गावच्या शेतकऱ्याचे पोरगे, पण शेतावर त्यांचा जीव रमला नाही. आयटीआय करून ते कंपनीत लागले आणि तीन शिफ्टमध्ये त्यांचं आयुष्य वाटलं गेलं. आई पेणच्या पलीकडच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांची मुलगी. तिचं लहानपण तांदळाच्या भाकरीवर गेलं. पण कॉलनीत घाटावरच्या, मुंबईच्या बायका होत्या. त्यांच्याकडं सकाळ-संध्याकाळ चपात्या, आणि त्यांची पोरं गुबगुबीत. आईनं दोन गोष्टींची सांगड घातली आणि भाकरीचा तवा माळ्यावर टाकला. भातानं काय होतंय, ती म्हणायची, भात म्हणजे निव्वळ पाणी. ताकद असते ती गव्हात. पाहुणे आले की ती चपात्यांची चळत मुद्दाम जरा उंच रचायची.

संध्याकाळी वारा फिरला की कॉलनीवर एक वास यायचा. कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी गोडसर, तो गोडसर जास्त वाईट. बायका दोरीवरचे कपडे काढत खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेरच्या माणसाला तो वास पहिल्या दिवशी यायचा, आम्हाला मधूनच एखाद्या दिवशी. म्हणून अमू आजारी पडली तेव्हा पहिलं बोट वासाकडं गेलं. कुणी म्हणालं हवा, कुणी म्हणालं नदीचं पाणी. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. एका डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, दुसऱ्यानं प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान पोरांचा टीबी, म्हणून सहा महिन्यांचा कोर्स लावला. अमू वाळत गेली. तिचे केस कंगव्यात यायला लागले. जेवल्यावर ती पोटावर दोन्ही हात ठेवून भिंतीला टेकून बसायची, रडायचीही नाही. पाच वर्षांच्या पोराचं ते गप्प बसणं बघवायचं नाही, आणि घरात आम्ही सगळे तिला न बघितल्यासारखं करून इकडून तिकडं फिरायचो.

आईला एकच उपाय ठाऊक होता आणि तो तिनं जीव ओतून केला. गव्हाचं सत्त्व. आजाऱ्याला, बाळंतिणीला, अशक्त पोराला सत्त्व द्यायचं, हे कॉलनीतल्या सगळ्या बायकांचं एकमत. चांगला निवडक गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, फडक्यातून पिळून, खाली बसलेला पांढरा साका परातीत ओतून उन्हात वाळवायचा. त्याची पूड डब्यात. रोज सकाळी दुधात शिजवून चमचा-चमचा भरवायची. पाणी बदलायचं काम माझं. परातीवरचे कावळे हाकायचं कामही माझं. मी दहावीला होते. गच्चीवर एका हातात इतिहासाचं गाईड आणि दुसऱ्या हातात काठी, असा माझा अभ्यास चालायचा. त्या आंबलेल्या पाण्याचा वास माझ्या बोटांना लागायचा तो साबणानं जायचा नाही.

आणि भरवायचं कामही माझंच. कारण अमू आईच्या हातून खायची नाही, माझ्या हातून खायची. खायची म्हणजे काय, तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी तिला गोष्ट सांगायची, गाल दाबायची, चमचा आत सारायची. एकदा तिनं माझा हात धरून खाली केला आणि म्हणाली, “ताई, ते पोटात भांडतं.” मी म्हटलं, भांडूदे, भांडून भांडून तू पैलवान होशील. आणि चमचा दिला. मेलं काय अक्कल असते पंधराव्या वर्षी! पण आईला तरी काय वेगळी होती? डॉक्टरांना होती? त्या एवढ्याशा पोरीनं सांगितलं होतं आणि घरातल्या एकाही शहाण्या माणसाला ते ऐकू आलं नव्हतं.

स्टेशनजवळ एक आइस्क्रीमचं दुकान होतं. त्या वर्षी दुकानदारानं आइस्क्रीमच्या फ्रीझरमध्ये एका कोपऱ्यात नवीन माल ठेवायला सुरुवात केली होती. मुंबईहून थर्मोकोलच्या पेटीत यायचा. चांदीच्या कागदाच्या ताटलीत गोठलेला पिझ्झा, वर लाल-हिरवे तुकडे, पांढऱ्या चीजची बर्फासारखी साय. रोह्यात तो कोण घेणार? कॉलनीतले एक-दोन साहेब घेत असतील. पण टीव्हीवर जाहिरातीत लांबच लांब तार येणारा पिझ्झा अमूनं बघितला होता. डॉक्टरकडून परत येताना ती फ्रीझरच्या काचेला नाक लावून उभी राहायची. ज्या पोरीला घास म्हणजे शिक्षा वाटायची, ती स्वतःच्या तोंडानं काहीतरी मागत होती. आईनं म्हटलं, बरी हो, मग घेऊ. मी तिच्या कानात म्हटलं, माझी परीक्षा संपली की मीच आणते. तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

फेब्रुवारीत ती चालताना बसायला लागली. बाबांनी ठरवलं, हवापालट करायचा. माझी परीक्षा तोंडावर, म्हणून मी आणि बाबा रोह्याला, आणि आई अमूला घेऊन माहेरी, मामाकडं. निघायच्या गडबडीत सत्त्वाचा डबा ओट्यावर राहिला.

आईनं पोचल्या पोचल्या निरोप धाडला की डबा पाठवा. बाबा सुट्टीच्या दिवशी पेणला जायचे आणि डबा विसरायचे. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळेला आई त्यांना चारचौघांत बोलली, की पोरीच्या तोंडचं औषध तेवढं विसरता, तंबाखूची पुडी बरी विसरत नाही. बाबा खाली मान घालून परत आले. मात्र दर खेपेला ते येऊन मला जे सांगायचे ते ऐकून मला खरं वाटायचं नाही. अमू चालते. अमू अंगणात पळते. अमूनं मामीच्या मागं लागून मिठागरावर जाऊन मिठाच्या ढिगावर घसरगुंडी केली आणि पार्श्वभाग सोलून घेतला. हे सांगताना बाबा हसले, आणि मग खुर्चीत बसून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी वारा आमच्याच बाजूचा होता.

माझा भूमितीचा पेपर झाला त्या दिवशी बाबांनी राजीनामा दिला. घरी येऊन एवढंच म्हणाले, “इथल्या हवेत माझी पोर जगायची नाही.” पंधरा वर्षांची पक्की नोकरी. मला त्यांचा अभिमान वाटला, भीतीही वाटली. हवेवर संशय घेऊन माणूस केवढं मोठं पाऊल उचलतो! आणि तो संशय चुकीचा होता, हे कळायला आम्हाला अजून आठ दिवस होते.

शेवटचा पेपर देऊन मी त्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, पेणला न्यायचाय, वितळता कामा नये. त्यानं मला नीट समजावून सांगितलं. मासळीवाल्याकडून बर्फ घे, फोडून डब्यात भर, त्यात मूठभर खडे मीठ टाक, म्हणजे बर्फ होतो आणखी गार. मध्ये पिझ्झा प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेव, वरून ओलं गोणपाट. मीठ आमच्याकडं मामाच्या मिठागराचंच, कायम पोत्यानं. ओव्हन नाही म्हटल्यावर तो म्हणाला, कढईत खडे मीठ तापवा, वर ताटली, वर झाकण, वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी एका हातात तो डबा आणि दुसऱ्या हातात सत्त्वाचा डबा घेऊन बसले. हो, तो डबाही घेतला. मी काही बाबांसारखी विसरभोळी नव्हते. निडी गेलं, नागोठणं गेलं, कासू गेलं. शेजारची बाई विचारत होती, डब्यात मासली का? मी म्हटलं, पिझ्झा. ती म्हणाली, बरं. मी खिडकीत बसून स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू.

मामाच्या घरी पापडांचा दिवस होता. अंगणभर चटया, पोह्याच्या पिठाच्या लाट्या, चार बायका लाटतायत, आणि मधोमध अमू, तोंडात लाटी कोंबलेली, गालावर पीठ. तिचे गाल! मी तिथंच डबा खाली ठेवून रडायला लागले. तिचे गाल भरले होते. पाय जरा भरले होते. ती धावत आली, माझ्याकडं नाही, डब्याकडं.

मामीचे पाय मिठागरात उभं राहून राहून टाचांपर्यंत चिरलेले. आयुष्य गेलं होतं मिठात. कढईत मीठ तापत ठेवलेलं बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, मिठावर काय भाजतात का गो, या मिठानं मानूस भाजतो. बायका हसल्या. मीठ तडतडायला लागलं. ताटली ठेवली, वर परात पालथी घातली. थोड्या वेळानं चीजचा वास सुटला तसा शेजारपाजारही गोळा झाला. खालून जरा करपला, मध्ये जरा कच्चा राहिला. पण तार आली. लांबच लांब तार आली. मी तुकडा मोडला, फुंकर घातली आणि अमूनं माझ्या हातासमोर आपणहून तोंड उघडलं. वर्षभर ज्या तोंडात मी चमचा कोंबला, ते तोंड स्वतः उघडलं. “ताई, आणखी,” ती म्हणाली. मी दिलं. आणखी, आणि मी दिलं. आई पदर डोळ्यांना लावून बघत होती. अख्ख्या पिझ्झ्यातला निम्मा तिनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डबा उघडला आणि सत्त्व शिजवलं. आता पोरगी खातेय तर ताकदीचं खाऊदे, म्हणाली. भरवलं मी.

त्या दुपारपासून सुरू झालं. आधी उलट्या. मग पोट. आम्ही म्हटलं, चीज नवीन आहे, पचलं नसेल. म्हणून आणखी हलकं द्यावं म्हणून सत्त्व पातळ करून दिलं. तिसऱ्या दिवशी ती अंगणातल्या चटईवर बसली ती उठलीच नाही. चौथ्या दिवशी पोटावर दोन्ही हात, भिंतीला पाठ, आणि ते गप्प बसणं. सगळं पहिल्यासारखं, चार दिवसांत. मामाच्या अंगणात कंपनीचा वास नव्हता. खाडीचा वारा होता, मीठ होतं, वाळणारे पापड होते. बाबा राजीनामा देऊन, सामान बांधून त्याच दिवशी पोचले होते. त्यांनी अमूकडं बघितलं, मग वर आभाळाकडं बघितलं, आणि पायरीवर बसले. आता दोष द्यायला त्यांच्याकडं काहीच उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिचे डोळे आत गेले. मामानं टेम्पो आणला आणि आम्ही तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. दिवसभर सलाईन. तिथं मुंबईहून नुकतीच आलेली एक तरुण डॉक्टरीणबाई होती, केस कापलेली, आवाज हळू. तिनं आईला विचारलं, काय काय खायला देता? आईनं अभिमानानं सांगितलं, चपाती, दूध-बिस्किट, लापशी, आणि रोज सकाळी घरचं गव्हाचं सत्त्व. मग बाईंनी विचारलं, इथं येऊन महिनाभर बरी होती म्हणता, तेव्हा काय खात होती? आईनं दाराकडं बघितलं. दारात उभी असलेली मामी पुढं आली.

“भाकर,” ती म्हणाली. “तांदलाची. पेज, भात, मासली. आमचे घरान गहू येतंच नाय.”

बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं, बिस्कीट? टोस्ट? पाव? काहीच नाही? मामीला वाटलं, ही आपली गरिबी काढतेय. ती लाजली, पदर सारखा करत सांगायला लागली की सणाला आणतो हो, होळीला पोळीपुरता आणतो, पण अवंदा होळीला सुतक होतं म्हणून पोळी नव्हती. पोरीची आबाळ केली नाय आमी, होतं ते दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी मामीचा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही आबाळ केली नाहीत, तुम्हीच तिला जगवलीत. मग त्यांनी आईला सांगितलं, आजपासून गव्हाचा कणसुद्धा नको. काही पोरांच्या आतड्याला गहू मानवत नाही, तो आतून खात जातो.

आईला ते समजायला वेळ लागला. मला लगेच समजलं. मी माझ्या हाताकडं बघितलं.

पुढं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी दुर्बीण घालून तपासायचं ठरवलं, आणि म्हणाले, नक्की कळण्यासाठी काही आठवडे पुन्हा गहू सुरू करावा लागेल. आई उठली, अमूला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. बाबा मागं धावले. आई एवढंच म्हणाली की मला आजाराचं नाव नको, माझी पोर हवी. म्हणून अमूच्या आजाराचा कागद कधी झालाच नाही. शाळेत, हॉस्टेलवर, लग्नात, सगळीकडं तिला तोंडानं पटवून द्यावं लागलं. लोक म्हणायचे, नखरे. एका थोर नातेवाइकानं तर परीक्षा बघायची म्हणून भाताच्या खिरीत रवा मिसळला होता. ती आठवडाभर झोपून होती आणि तो गृहस्थ म्हणाला, योगायोग.

सत्त्वाचा डबा मामाच्या घरी तसाच पडला होता. मला वाटलं आई तो खाडीत फेकेल. पण अन्न फेकायचं नाही हे तिच्या हाडात भिनलेलं. दवाखान्यातून आल्यावर तिनं रोज सकाळी त्यातलं दोन चमचे सत्त्व पाण्यात शिजवलं, दूध नाही, साखर नाही, आणि चुलीकडं तोंड करून एकटीनं खाल्लं. डबा संपेपर्यंत. कुणी तिला थांबवलं नाही. मामीसुद्धा त्या वेळेला अंगणात निघून जायची. डबा रिकामा झाला त्या दिवशी आईनं तो राखेनं घासला आणि त्यात तांदळाचं पीठ भरलं. तोच डबा आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे.

आम्ही परत रोह्याला गेलो नाही. राजीनामा मागं घेता आला असता, बाबांनी घेतला नाही. पेणला एका पोह्याच्या गिरणीत ते लागले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. म्हातारपणी गप्पांत रंगले की म्हणायचे, मी तीनदा विसरलो म्हणून पोर वाचली, माझ्या विसरभोळेपणाचा सत्कार करा. सगळे हसायचे. आई हसायची नाही. मीही नाही, कारण न विसरता डबा घेऊन गेलेली मीच. पण आता या वयात उलटही वाटतं. मी तो पिझ्झा नेला नसता, तो डबा नेला नसता, तर आम्ही हवेलाच दोष देत राहिलो असतो, आणि मग पेणला नवीन घर मांडून आईनं तिथंही चपात्यांची चळत रचली असती. माझ्या हातानं विष गेलं, आणि त्याच हातानं ते उघडंही पडलं. या वाक्यानं मन निवत नाही. मी पुष्कळदा म्हणून बघितलंय.

काल दुपारी अमू आणि इरा आल्या. इरानं दारातच बूट भिरकावले आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. आई आता सत्तरीची, बाबा गेल्यापासून माझ्याकडंच असते. तिनं नातीच्या पोटावरून हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. माझ्याकडं बघितलं नाही. अमूकडंही नाही.

मी ओव्हनमध्ये अमूचा पिझ्झा लावला. त्या ओव्हनमध्ये आजवर गहू गेलेला नाही आणि जाणारही नाही. वेगळी ताटली, वेगळी सुरी, वेगळं फडकं. मग इराचा कशात करायचा? दुसरा मार्गच नव्हता. माळ्यावरची जुनी कढई काढली, त्यात खडे मीठ पसरलं आणि गॅस पेटवला. मीठ तडतडलं तशी आई उठून मागच्या दारी गेली. तिकडं तिनं उगाच घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

टेबलावर दोन ताटल्या. अमूनं स्वतःच्या ताटलीला हात लावला नाही. इराचा तुकडा तिनं उचलला, थोडा वर नेला आणि परत ठेवला. तीन आठवडे ती हे रोज करतेय, म्हणाली. चपातीचा घास करते, आणि हात मध्येच थांबतो. डोकं सांगतं, डॉक्टर बरोबर आहेत. माझा कागद झाला नाही त्याचे भोग मी भोगलेत, हिचा झालाच पाहिजे. पण हात ऐकत नाही. मुलीचा बाप भरवतो, त्याला काही आठवत नाही म्हणून त्याला जमतं. तो आठ दिवस दौऱ्यावर गेलाय. मग तिनं माझ्याकडं बघितलं. पाच वर्षांची असताना जसं बघायची तसं, एवढंच सांगते.

“ताई, तू भरव,” ती म्हणाली. “मी तुझ्याच हातून खाल्लं होतं, आणि जगले.”

मला तिच्यावर राग आला. खरंच आला. जगात दुसरा हात नव्हता का? मग तो राग कुठं गेला कळलं नाही. मी खुर्ची पुढं ओढली. तुकडा मोडला. चीजची तार आली, लांबच लांब, आणि इरा ती बघून खुदकन हसली. मी फुंकर घातली. तिनं आपणहून तोंड उघडलं, मी घास ठेवला, आणि तिनं तो नीट, सावकाश चावून गिळला. अमू खिडकीकडं तोंड करून उभी होती. मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला होता.

“मावशी, आणखी,” इरा म्हणाली.

मी दुसरा घास मोडला. तपासणीला अजून सहा दिवस होते.